प्रथिनाच्या पोटातील औषध

जंतूंच्या वाढीस जे जे म्हणून हवे असते, म्हणजे शर्करा, प्रथिने, स्निग्धांश, क्षार, विपुल जलांश आणि शरीराची अखंड ऊब, ते सारे एकाच ठिकाणी मिळावे अशी जागा दुभत्या जनावराच्या कासेइतकी दुसरी सापडणे कठीण. आणि या जागेचे द्वार गोठ्यातील शेणामुतापासून, चिखलापासून व माशांपासून अवघ्या एका सडनलिकेच्या, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटरच्या अंतरावर असते. धार काढून झाल्यावर ही नलिका लगोलग मिटत नाही, तिचे तोंड आवळण्यास अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो; आणि म्हणूनच जाणता गोपालक धार काढल्याबरोबर गव्हाणीत ताजी वैरण टाकतो, की जनावराने काही काळ उभे राहून खात राहावे, ओल्या जमिनीवर कास टेकवून बसू नये. परंतु एवढी खबरदारी घेतली तरी एखादा जंतू आत शिरावयाचा राहतो असे नाही. असे असूनही निरोगी गाईच्या कासेत दूध नासत नाही, आणि धारोष्ण दूध काही घटकांपर्यंत आत पडलेल्या जंतूंना वाढू देत नाही, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आली होती. प्रश्न एवढाच होता की, दुधातील कोणता अंश हे कार्य करतो.

या प्रश्नाचे उत्तर एकाच वेळी व एकाच व्यक्तीकडून मिळाले नाही. 1922 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना अश्रूंत व नाकातील स्रावात जंतूंचे कवच विरघळविणारे लायसोझाइम हे प्रथिन सापडले, आणि पुढे ते दुधातही आढळले. स्त्रीच्या दुधात तर ते गाईच्या दुधाच्या हजारो पटींनी अधिक असते. 1930 मध्ये अमेरिकेत जोन्स व सिम्स यांनी दुधातील जंतुविरोधी अंशाला ‘लॅक्टेनिन’ असे नाव दिले, परंतु त्याचे रासायनिक स्वरूप त्या वेळी निश्चित करता आले नाही. 1939 मध्ये डेन्मार्कमधील सोरेन्सन या संशोधकांनी गाईच्या दुधाच्या निवळीतून एक तांबूस रंगाचे प्रथिन वेगळे काढले, आणि 1960 मध्ये तीन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी ते शुद्ध करून त्याची ओळख पटविली. हेच लॅक्टोफेरिन. त्याचा तांबूस रंग लोहाचा असतो: या प्रथिनाचा प्रत्येक रेणू लोहाचे दोन अणू घट्ट धरून ठेवतो, आणि जंतूंनाही वाढीसाठी लोह लागत असल्यामुळे त्यांची उपासमार करणे हेच त्याचे कार्य होय, असे तीसएक वर्षे मानले गेले. मातेच्या पहिल्या चिकात लॅक्टोफेरिन लिटरमागे पाच ग्रॅमच्या वर असते. पुढे ते एक-दोन ग्रॅमवर येते. गाईच्या नेहमीच्या दुधात मात्र ते लिटरमागे ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असते. 1987 मध्ये न्यूझीलंडमधील एडवर्ड बेकर यांच्या मंडळाने मानवी लॅक्टोफेरिनची रेण्वीय रचना उलगडली, आणि पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत तेज पाल सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हशीच्या लॅक्टोफेरिनची रचना सिद्ध केली. आपल्याकडील दुधाचा फार मोठा हिस्सा म्हशीचा असल्यामुळे हे कार्य विशेष मोलाचे वाटते.

या इतिहासाला खरे वळण मिळाले ते 1991 मध्ये, जपानमधील मोरिनागा या दुग्धव्यवसायी कंपनीच्या प्रयोगशाळेत. तेथील तोमिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईचे लॅक्टोफेरिन घेतले आणि त्यावर पेप्सिन या जठररसातील पाचक द्रव्याची क्रिया घडविली. एखादे प्रथिन पचले म्हणजे त्याचे छोटे छोटे तुकडे झाले, आणि तुकडे झाले म्हणजे त्याचे मूळचे कार्य संपले, अशी आपली सर्वसाधारण धारणा असते. येथे नेमके उलट घडले. पचलेल्या द्रव्याची जंतू मारण्याची शक्ती मूळ प्रथिनापेक्षा कितीतरी अधिक भरली. पुढील वर्षी या तुकड्यांतील मुख्य कर्ता वेगळा काढण्यात आला. लॅक्टोफेरिनच्या 689 अमिनो आम्लांच्या शृंखलेतील सतराव्यापासून एक्केचाळिसाव्या स्थानापर्यंतचा, अवघ्या 25 अमिनो आम्लांचा तो खंड होता, आणि त्याला लॅक्टोफेरिसिन असे नाव पडले. विशेष म्हणजे या तुकड्यात लोह धरण्याची जागाच नाही. म्हणजे उपासमारीचा सिद्धांत येथे लागू पडेना. हा तुकडा जंतूला उपाशी ठेवीत नव्हता, तर प्रत्यक्ष मारीत होता. 1998 मध्ये संशोधकांनी असेही दाखवून दिले की, मनुष्याने लॅक्टोफेरिन प्राशन केल्यावर त्याच्या जठरात खरोखरच हा तुकडा निर्माण होतो.

अशा लहान शृंखलेला पेप्टाइड म्हणतात, आणि ती जंतूला कशी मारते हे जरा जवळून पाहण्याजोगे आहे. लॅक्टोफेरिसिनच्या 25 अमिनो आम्लांपैकी आठ धनभारित आहेत, पाच आर्जिनिन आणि तीन लायसिन; शिवाय त्यात ट्रिप्टोफॅन या मोठ्या, चापट आणि स्निग्ध द्रव्यात रुतून बसण्याची आवड असलेल्या अमिनो आम्लाची दोन एकके आहेत. जंतूच्या बाह्यपटलावर ऋणभाराची दाटी असते, आपल्या पेशींच्या बाह्य पृष्ठावर मात्र असा भार जवळजवळ नसतो आणि त्यात कोलेस्टेरॉलही असल्यामुळे ते अधिक घट्ट असते. परिणामी हे पेप्टाइड आपल्या पेशींजवळून निघून जाते आणि जंतूकडे ओढले जाते. पटलाशी भिडल्यावर धनभारित बाजू पृष्ठावरील ऋणभाराला चिकटते, ट्रिप्टोफॅनची एकके पटलाच्या सीमारेषेवर रुतून बसतात, अशी अनेक पेप्टाइडे एकत्र आली की पटलाची वीण विसकटते, आणि जंतूने मोठ्या प्रयासाने आत-बाहेर राखलेला आयनांचा तोल मिनिटांच्या अवधीत ढासळतो. पुढील शोधात असे दिसले की, या 25 अमिनो आम्लांपैकी सलग सहांचाच तुकडा, ज्यात दोन्ही ट्रिप्टोफॅन व तीन आर्जिनिन आले आहेत, जंतुनाशाचे काम बऱ्याच अंशी करू शकतो. पेनिसिलिनसारखे औषध जंतूच्या एका ठराविक प्रथिनावर नेम धरते. हे पेप्टाइड त्याच्या संपूर्ण पृष्ठावर घाला घालते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

लॅक्टोफेरिन हे दुधातील अल्पांश प्रथिन झाले. दुधाचे मुख्य प्रथिन कॅसीन. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे चार-पंचमांश हिस्सा त्याचाच. कॅसीन म्हणजे वासराच्या वाढीसाठी अमिनो आम्ले, कॅल्शियम व फॉस्फरस पुरविणारा निव्वळ शिधा, असा समज कित्येक दशके होता. इस्राएलमधील लाहोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 नंतरच्या काळात या समजाला प्रथम छेद दिला. वासराच्या जठरात दूध गोठविणारे कायमोसिन नावाचे द्रव्य असते, जे चीज बनविणाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक आहे. त्याची क्रिया कॅसीनवर घडविली असता अल्फा-एस-एक कॅसीनच्या अगदी आरंभीचा 23 अमिनो आम्लांचा तुकडा सुटा होतो, आणि तो जंतुविरोधी असतो, असे त्यांनी दाखविले. या तुकड्यास त्यांनी आपल्या देशावरून इस्रासिडिन असे नाव दिले. चाचणीनळीत जंतू मारण्यास त्याची मात्रा मोठी लागे. पण उंदरांना अल्प मात्रेने तो स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या संसर्गापासून वाचवी, आणि मेंढ्या व गाई यांच्या कासेत सोडला असता कासेच्या दाहास आवर घाली. चाचणीनळीतील दुर्बलता आणि प्राण्यातील सामर्थ्य यांतील ही तफावत मला या सबंध विषयातील एक अत्यंत अर्थपूर्ण खूण वाटते; कारण तिचा सरळ निष्कर्ष असा की, हे पेप्टाइड केवळ जंतूवर चालून जात नाही, तर शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींनाही जागे करते. 1995 मध्ये जर्मनीत अल्फा-एस-दोन कॅसीनमधून कॅसोसिडिन मिळाले. 2001 मध्ये मेलबर्न येथे कॅपा कॅसीनमधून कॅपासिन मिळाले, जे दात किडविणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसवर परिणाम करते. ही नामावळी आता बरीच लांबली आहे, आणि तिच्यातील प्रत्येक नाव येथे नोंदविण्याचे कारण नाही. ध्यानात घेण्याजोगे आहे ते एवढेच की, आईने पाठविलेल्या शिध्यातच लाखेची मोहोर केलेला एक लखोटा असतो आणि ती मोहोर फोडण्याचा अधिकार अपत्याच्या जठराकडे असतो: पाचकरस स्रवल्याखेरीज औषध बाहेर पडत नाही, आणि पडते ते नेमके जेथे जंतूंची भीती आहे तेथेच.

दुधात पोषण आणि संरक्षण ही दोन कार्ये इतकी एकजीव का झाली असावीत, याचा विचार करू लागले म्हणजे आपण प्राणिसृष्टीच्या फार जुन्या दप्तरात शिरतो. दुग्धशर्करा तयार करण्यास अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे प्रथिन आवश्यक असते. आणि 1967 मध्ये असे उघड झाले की, या प्रथिनाची अमिनो आम्लांची मांडणी जंतुनाशक लायसोझाइमशी निकटचे नाते सांगते. म्हणजे दुधाला गोडी आणणाऱ्या प्रथिनाचा पूर्वज जंतूंशी लढणारा होता. त्यावरून काही संशोधक असे मानतात की, दुग्धग्रंथी मुळात त्वचेचे व अंड्याचे रक्षण करणारा स्राव देत असावी आणि पोषणाचे कार्य तिच्याकडे मागाहून आले असावे. या तर्काला बळ देणारे प्राणी ऑस्ट्रेलियात आजही हयात आहेत. बदकचोच्या प्लॅटिपस आणि काटेरी एकिडना हे अंडी घालणारे सस्तन प्राणी. त्यांच्या मादीला स्तनाग्रे नसतात, दूध पोटाच्या त्वचेवरील एका ठिकाणी पाझरते आणि पिलू ते केसांवरून व कातडीवरून चाटून पिते. असे उघड्यावर आलेले दूध जंतूंच्या हाती लागण्यास कितीसा वेळ! हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी एकिडनाच्या दुधातून जंतुनाशक प्रथिन शोधून काढले, आणि ते गाईम्हशींच्या कासेचा दाह उत्पन्न करणाऱ्या जंतूंवर प्रभावी ठरते असेही दाखविले. परदेशी प्राण्याच्या दुधाचा दाखला घेऊन आपल्या गोठ्याच्या प्रश्नाकडे वळणारी ही दृष्टी मला अतिशय अभिमानास्पद वाटते. टास्मानियन डेव्हिल या पिशवीधारी प्राण्याचे पिलू तर रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसतानाच जन्मास येते. 2016 मध्ये सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी त्याच्या सहा पेप्टाइडांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यांपैकी एक पेप्टाइड अनेक औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला मारते असे आढळले.

येथवरची हकीकत वाचून कोणासही वाटेल की, मनुष्याच्या रोगांवर हे औषध एव्हाना सर्रास वापरात असावयास हवे होते. 2019 या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12.7 लाख माणसे प्रत्यक्ष मृत्युमुखी पडली असा अंदाज आहे; तेव्हा नव्या औषधाची निकड कोणी नाकारणार नाही. पण निकड हा पुरावा नव्हे. 2009 मध्ये इटलीत अतिशय कमी वजनाच्या 472 नवजात अर्भकांवर चाचणी झाली: ज्यांना गाईचे लॅक्टोफेरिन पाजले त्यांच्यात रक्तात जंतुदोष होण्याचे प्रमाण 5.9 टक्के, आणि न पाजलेल्यांत 17.3 टक्के. या आकड्यांनी साऱ्या वैद्यकविश्वात मोठी आशा निर्माण केली. परंतु 2019 मध्ये ब्रिटनमध्ये 2,203 अकाली जन्मलेल्या अर्भकांवर झालेल्या चाचणीत हे प्रमाण अनुक्रमे 29 व 31 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आले. आणि पुढील वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील 1,542 अर्भकांच्या चाचणीतही स्पष्ट लाभ दिसला नाही. प्रौढांच्या बाबतीत अनुभव अधिक कठोर आला. जनुकतंत्राने बनविलेले मानवी लॅक्टोफेरिन तीव्र जंतुदोषाच्या रुग्णांना तोंडावाटे देण्याची एक मोठी चाचणी 2012 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू घटण्याऐवजी अधिक दिसू लागले होते. अशा निकालांना दडपून केवळ आशादायक आकडे छापणे हा वाचकाशी द्रोह होय. आणि त्याहून मोठा द्रोह, हे निकाल पाहून सारा विषयच रद्दबातल ठरविणे हा होय.

कारण याच काळात दुसऱ्या प्रकारचे पुरावेही जमत होते. पेरूमध्ये तीव्र अतिसाराने आजारी असलेल्या 140 मुलांपैकी एका गटाला जलसंजीवनीबरोबर मानवी लॅक्टोफेरिन व लायसोझाइम, तेही भाताच्या दाण्यात जनुकतंत्राने तयार केलेले, देण्यात आले, तेव्हा अतिसाराचा काळ सुमारे दीड दिवसाने घटला. हा निकाल 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील संशोधकांनी लॅक्टोफेरिसिनवरून स्फूर्ती घेऊन त्याहून पुष्कळच आखूड असा एक कृत्रिम रेणू बनविला, आणि नाकात वास करणाऱ्या औषधप्रतिरोधी स्टॅफिलोकॉकसवर तो मलमाच्या रूपाने लावून पाहिला, तेव्हा जंतूंची संख्या घटली. यश व अपयश यांची ही दोन टिपणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर मला त्यांतून एकच सूत्र निघते. दुधातील पेप्टाइडे शरीराच्या बाह्य किंवा अंतर्गत पृष्ठभागांवर, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर, मुखात, नाकात, जखमेत, कासेत, काम करतात; रक्तप्रवाहाच्या खोल प्रदेशात गेली की निष्प्रभ होतात. यात गूढ काही नाही. रक्तातील क्षार त्यांचा धनभार झाकतात, रक्तद्रवातील प्रथिने त्यांना चिकटतात, पाचक द्रव्ये काही मिनिटांत त्यांचे लचके तोडतात, मूत्रपिंडे उरलेसुरले बाहेर टाकतात. आणि हे सारे ओलांडण्यासाठी मात्रा वाढवावी तर तांबड्या रक्तपेशी फुटण्याची भीती. निसर्गाने हे औषध ज्या जागेसाठी घडविले ती जागा सोडून आपण त्याच्याकडून रक्तातील जंतुदोष आवरण्याची अपेक्षा करतो, आणि मग ते लागू पडले नाही म्हणून निराश होतो. पेनिसिलिनच्या जागी बसविण्याचे हे द्रव्य नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा इलाखाच निराळा आहे.

आणि त्या इलाख्यात सर्वांत मोठे गाव गोठ्याचे. कासदाह, ज्याला आपल्याकडील कित्येक गावांत ‘दगडी’ म्हणतात कारण कास खरोखरच दगडासारखी कठीण होते, हा दुग्धव्यवसायाचा सर्वांत खर्चिक रोग होय, आणि भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईंना त्याची बाधा अधिक होते. त्याचे उघड रूप ओळखणे सोपे: पहिल्या दोन-चार धारा काळ्या फडक्यावर पिळल्या की पांढऱ्या गुठळ्या व चोथा त्यावर उठून दिसतो. छुपे रूप मात्र फसवे. दूध दिसावयास निर्मळ, जनावर खात-पीत असते, केवळ दूध हळूहळू घटते. त्यासाठी 1957 पासून एक साधी चाचणी रूढ आहे. चार वाट्यांच्या थाळीत चारही सडांचे थोडे थोडे दूध घेऊन त्यात एक प्रक्षालक द्रावण मिसळावे व थाळी गोल फिरवावी. ज्या सडात दाह असेल तेथील दूध, त्यात आलेल्या पांढऱ्या पेशी फुटून, शेंबडासारखे घट्ट होते. रोग कळला की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली जाते. मग औषधाच्या प्रकाराप्रमाणे ठरलेल्या मुदतीपर्यंत ते दूध विकता येत नाही, निदान विकू नये. आणि ही मुदत न पाळता दूध संकलनात मिसळले तर ते पिणाऱ्याच्या पोटात औषधाचा अंश जातो, शिवाय विरजणातील उपयुक्त जंतूही मरून दही नीट लागत नाही. दोन-तीन जनावरांवर ज्याचा महिन्याचा हिशेब चालतो त्याने आठवडाभराचे दूध ओतून द्यावे असा हुकूम काढणे सोपे, त्याची अंमलबजावणी त्याच्या घरातून पाहिली की तिचे ओझे समजते.

येथे दुधाची स्वतःची द्रव्ये कामास येतात, कारण जे दुधातूनच आले त्याचा अंश दुधात राहिल्याची धास्ती बाळगावयास नको. इस्राएलमध्येच सिलानिकोव्ह, लाइटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने एक सुंदर शोध लावला. दूध कासेत साठून राहिले की त्यातील प्लाझ्मिन हे द्रव्य बीटा कॅसीनचा आरंभीचा 28 अमिनो आम्लांचा तुकडा सोडविते, आणि तो तुकडा दूध स्रवणाऱ्या पेशींना स्राव कमी करण्याचा इशारा देतो. म्हणजे दूध आटविण्याचा बंदोबस्त दुधातच केलेला असतो. या ज्ञानाच्या आधारे त्यांनी कॅसीन पाचकद्रव्याने तोडून ते मिश्रण सडावाटे कासेत सोडले. जनावर नेहमीपेक्षा लवकर आटले, कासेत संरक्षक पेशींची दाटी झाली, आणि पूर्वीपासून ठाण मांडून बसलेले संसर्ग पुष्कळ जनावरांत नाहीसे झाले. भाकडकाळ हीच कासेच्या रोगाची मुळे उखडण्याची योग्य वेळ असते, आणि सरसकट प्रत्येक जनावराला त्या वेळी प्रतिजैविक देण्याचा जो शिरस्ता पाश्चात्य देशांत पडला होता त्याला हा एक सभ्य पर्याय होय.

दुधाचे नव्हे, पण दुधात नांदणाऱ्या जंतूंचे एक भावंडही येथे आठवावयास हवे. विरजणातील लॅक्टोकॉकस हा जंतू 34 अमिनो आम्लांचे नायसिन नावाचे पेप्टाइड बनवितो. त्याचा परिणाम 1928 मध्ये नजरेस आला, 1947 मध्ये त्याला नाव मिळाले, 1969 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने ते अन्नरक्षक म्हणून मान्य केले आणि आज चीजपासून डबाबंद पदार्थांपर्यंत त्याचा वापर होतो. धार काढण्यापूर्वी सड पुसण्याच्या फडक्यांत ते वापरले गेले आहे, सडातून देण्याचे औषध म्हणूनही त्याच्यावर दीर्घकाळ काम झाले आहे, मात्र ई. कोलाय वर्गाच्या दुहेरी पटल असलेल्या जंतूंवर त्याची मात्रा फारशी चालत नाही. आयर्लंडमध्ये केफिर या आंबविलेल्या दुधाच्या कणांतून मिळालेल्या एका जंतूचे लॅक्टिसिन 3147 हे पेप्टाइड भाकडकाळात सडाचे तोंड बंद करणाऱ्या मलमात मिसळून पाहण्यात आले, आणि स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस यांना त्याने चांगला अटकाव केला.

प्रयोगशाळेच्या या गोष्टी चालू असता आपल्या गोठ्यात मूळ द्रव्याचीच हेळसांड होते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. गर्भात असताना वासराला आईकडून प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून, आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची शक्ती जन्मानंतर चोवीस तासांत जवळजवळ संपते. लॅक्टोफेरिनही चिकातच सर्वाधिक. असे असताना, गाय व्याल्यावर वार पडेपर्यंत वासराला चीक पाजावयाचा नाही, हा समज कित्येक ठिकाणी अद्याप कायम आहे. खरवसाची आवड मलाही आहे. परंतु पहिल्या दिवसाच्या चिकावर पहिला हक्क वासराचा, आणि तोही पहिल्या तासा-दोन तासांत.

एका धोक्याची नोंद करणे प्राप्त आहे. पटलावर घाला घालणाऱ्या पेप्टाइडांना जंतू कधीच दाद देणार नाहीत असे आश्वासन कोणी देऊ लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या पृष्ठावरील ऋणभार रासायनिक जोडणीने झाकून टाकणे हा उपाय जंतूंना अवगत आहे. कोलिस्टिन हे असेच एक पेप्टाइड औषध, जे रुग्णालयांत शेवटचा इलाज म्हणून राखून ठेवावयाचे. पण ते डुकरांना व कोंबड्यांना वजनवाढीसाठी खाद्यातून वर्षानुवर्षे दिले गेले, आणि 2015 मध्ये चीनमध्ये असे उघडकीस आले की, त्याचा प्रतिकार करणारे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होऊ लागले आहे. भारत सरकारने 2019 मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यास मनाई केली. दुधातील पेप्टाइडांचे हेच होऊ द्यावयाचे नसेल तर ती रोगग्रस्त कासेत, जखमेवर, ठराविक काळापुरती द्यावीत. पोत्यापोत्याने खाद्यात मिसळू नयेत.

राहता राहिला प्रश्न पुरवठ्याचा. 1990 मध्ये हॉलंडमध्ये हर्मन नावाचा एक बैल मानवी लॅक्टोफेरिनचे जनुक घेऊन जन्मला, आणि त्याच्या कन्यांच्या दुधात ते प्रथिन उतरविण्याचा प्रयोग झाला. त्यावर त्या देशात मोठा वाद माजला, आणि 2004 मध्ये मेल्यानंतर तो लायडन येथील वस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आला. एवढ्या दूर जाण्याची गरज आपल्याला नाही. लॅक्टोफेरिनचा धनभार, ज्यामुळे ते जंतूला चिकटते, तोच ते वेगळे काढण्यासही उपयोगी पडतो: मलई काढलेले दूध ऋणभारित राळेच्या स्तंभातून सोडले की दुधातील बहुतेक प्रथिने तशीच वाहून जातात, तांबूस लॅक्टोफेरिन मात्र राळेला धरून बसते आणि मग मिठाच्या तीव्र द्रावणाने ते सोडवून घेता येते. लिटरमागे ग्रॅमचा दहावा हिस्सा धरला तर एका किलोसाठी किमान दहा हजार लिटर दूध लागेल. पण स्तंभातून बाहेर पडलेले दूध वाया जात नाही, त्याची भुकटी, दही, श्रीखंड पूर्वीप्रमाणेच होऊ शकते. अडचण तापमानाची आहे. पनीर करताना दूध उकळीच्या जवळ नेतात, त्या उष्णतेने लॅक्टोफेरिनची घडी मोडते आणि पनीरच्या निवळीतून ते कामाच्या स्थितीत मिळत नाही. ते काढावयाचे तर दूध तापविण्यापूर्वीच काढावे लागेल. ज्या मोठ्या सहकारी संघांकडे दररोज लाखो लिटर दूध थंड अवस्थेत येते त्यांना हे अशक्य नाही. असे काढलेले द्रव्य आणि त्यातून पेप्सिनने सोडविलेली पेप्टाइडे आपल्याच म्हशी व संकरित गाई यांच्या कासेतील जंतूंवर पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी रीतसर तुलना करून पाहावीत, भाकडकाळात एका सडात हे आणि शेजारच्या सडात नेहमीचे प्रतिजैविक असे करून पाहावे, आणि व्याल्यानंतर चारही सडांच्या दुधातील जंतू व पेशी यांची गणना प्रसिद्ध करावी.